नोटच्या तळाशी माझं नाव

९ मार्च, सोमवार
आमच्या जनसंपर्क एजन्सीचे सर म्हणाले, पुढच्या महिन्यात तुला कायम करतो. शिवाय शनिवारी कॉलेजात ‘जनसंपर्कात करिअर’ यावर मी बोलायचं. नवी पोरं या कामात उभी राहायला हवीत म्हणे. फोनवर बाबांना सांगितलं. मी घुग्घुसला घरी पोचेपर्यंत त्यांच्या कामावरच्या अख्ख्या पाळीला बातमी! “आमची पोरगी कॉलेजात शिकवाले चालली.” आई : “शिकवाले नाई, बोलाले. उगा फुगू नका.”
उद्या एटापल्लीकडे शिलाई मशीन वाटप. क्लायंट खाणवाले. प्रेसनोट नेहमीसारखी आदल्या दिवशीच तयार. त्यात महिला गटाच्या जुरीबाईंच्या नावानं वाक्य : ‘खाण आली अन् गावात उजेड आला.’ मी विचारलं, त्या असं बोलल्या? सर म्हणाले, “उद्या बोलतील.”
तळाशी ‘संपर्क’ म्हणून पहिल्यांदाच माझं नाव, माझा नंबर. परत परत वाचलं.

१० मार्च
जुरीबाई बोलल्याच नाहीत. जंगलातून मोहफुलं वेचून थेट आलेल्या, टोपली शेजारी. माइक पुढे केला तर म्हणाल्या, “गाव बसलं नाई अजून. मी एकटी काय बोलू?” तिथे खाणीबद्दल आधी सगळं गाव बसतं, ठरवतं, मग कोणीतरी एक बोलतं. सर हसले. “लाजतात बाया.”
परतताना म्हटलं, सर, ते वाक्य काढू. “नोट सकाळीच गेली.”

११ मार्च
नोट पेपरात जशीच्या तशी छापून आली, खाली माझं नाव, नंबरही. फोटोसकट.
दुपारी जुरीबाईंचा फोन. “बाई, मी कवा बोलली हे? गाव मले विचारून राह्यलं, कोणाले विचारून हो म्हटलं? माही जाऊसुद्धा बोलत नाई माह्याशी. खाली तुमचंच नाव हाये ना?”
हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.
“इतवारी गाव बसते. येऊन सांगा मंग.”

१२ मार्च
सरांना म्हटलं, खुलासा काढू. “खुलासा काढला की क्लायंट गेला. अन् त्याच्यामागं तू.” मग मऊ आवाजात, “पहिल्या वर्षी सगळ्यांनाच असं वाटतं. मी घडवतोय ना तुला?”
घडवतोय! खोटं तुमचं, नंबर माझा. यालाच ट्रेनी ठेवणं म्हणायचं. आणि शनिवारसाठी त्यांनी करून दिलेली पहिली स्लाइड : ‘विश्वास हेच आपलं भांडवल.’ लॅपटॉप आपटावासा वाटला. ऑफिसचा होता म्हणून...

१३ मार्च
घरी सांगितलं. बाबा म्हणाले, “मी साहेबाले तोंडावर नाई म्हटलं असतं, त तू शिकली असती का?”
माझा राग मात्र तितकाच. बाबांवरही.
आई भाकरी थापता थापता, “त्या बाईले गावातच राहाचं हाये. तुले त चंद्रपूर हाये, नागपूर हाये.”

१४ मार्च
कॉलेज. सर पहिल्या रांगेत. एका मुलीनं विचारलं, “मॅडम, पहिल्या नोकरीत काय सांभाळायचं?” तयार उत्तर होतं. दिलं नाही. क्लायंटचं नाव न घेता सगळं सांगितलं : न बोललेलं वाक्य, तळाचं नाव, तो फोन. आवाज चढला माझा. चढू दे.
सरांनी हसत आभार मानले. जिन्यात म्हणाले, “सोमवारी बोलू.”
तीच मुलगी मागून धावत आली. “मग मॅडम, तुमची नोकरी?”
माहीत नाही म्हटलं. तिला हे उत्तर पुरलं नाही. मला तरी कुठे पुरतंय.

१५ मार्च, रविवार
पहिली बस. आलापल्लीला बदलली. बाबांनी स्टँडपर्यंत गाडीवर सोडलं.
जुरीबाई गावाच्या कडेलाच भेटल्या. हसल्या नाहीत. रस्ताभर पाठ केलेलं मी उभ्यानंच सुरू केलं : चूक आमची आहे, बाईंनी एक शब्दही...
त्यांनी हात वर केला. “इथी नोको. मले एकटीले सांगून काय होते? गाव बसू द्या आधी.”
झाडाखाली बसले आहे. माणसं एकेक करून येताहेत. माझ्याकडे बघतात, पुढे जाऊन बसतात. सरांचे दोन मिस्ड कॉल. जुरीबाई माझ्यापासून लांब बसल्यात, एकट्याच. त्यांच्या शेजारची जागा अजून कोणी घेतलेली नाही.