समोरच्या खोलीची संमती

३ मार्च
आजपासून आपल्या केंद्रात एकत्रित उपचार. डावीकडच्या खोलीत मनाचे आजार, म्हणजे मी. उजवीकडे व्यसन, म्हणजे माझी नणंद. मध्ये बाक. इतकी वर्षं रुग्ण या खोलीतून त्या खोलीत चेंडूसारखा फिरायचा. आता शिस्त. नियम मीच केला: मन आणि व्यसन, दोन्हींचा त्रास असलेला रुग्ण समोरच्या खोलीच्या संमतीशिवाय तपासायचा नाही. नणंद म्हणाली, वहिनी, त्यापेक्षा दोघी एकाच खोलीत बसूया की. एकत्रित म्हणजे मांडीला मांडी लावून बसणं नव्हे, हे तिला समजावलं.
झोपेसाठी अर्धी गोळी. सवय नाही.

६ मार्च
पहिला रुग्ण, एक प्लंबर. उदास असतो म्हणून पितो की पितो म्हणून उदास असतो, हे त्यालाही सांगता येईना. बायको माहेरी. उपचार सुरू झाले तरच परत येईन, म्हणते. म्हटलं, आधी समोरची संमती आणा. गेला. परत आला. समोरच्या बाई म्हणतात, नियमाप्रमाणे आधी तुमची.
नियम दोन्हीकडे पाळला जातोय. समाधान वाटलं.

११ मार्च
प्लंबर बाकावरच. विचारतो, मॅडम, मी नक्की कुणाचा? दोघींचा, असं ठणकावून सांगितलं. जाता जाता त्याने आमचा गळका नळ नीट केला. म्हणजे सुधारणा आहे.
आज पूर्ण गोळी. केंद्राच्या पहिल्या अहवालाचा ताण. तात्पुरतं.

१७ मार्च
नणंदेचं तेच टुमणं. त्या माणसाची बायको घर मोडायला निघालीय, वहिनी, आणि आपण त्याला बाकावर बसवलंय. म्हटलं, नियमाला थोडा वेळ दे. तिने माझ्या डोळ्यांकडे बघत विचारलं, झोप लागते ना? उत्तम, म्हटलं. तिच्या खात्याला जो तो गिऱ्हाईक दिसतो.
दीड गोळी. वरची अर्धी धरण्यासारखी नाही.

२४ मार्च
गोळ्या संपल्या. दोन रात्री टक्क जागी. ज्युनिअर डॉक्टरकडे सहज चिठ्ठी मागितली. ती म्हणाली, मॅडम, यात झोपही आली आणि सवयही. समोरची संमती लागेल. पोरगी माझ्या हाताखाली चांगली तयार झालीय. तरी राग आला.
समोर गेले. नणंद म्हणाली, आधी तुमच्या खोलीची आणा, वहिनी. चेहरा अगदी गंभीर.
बाकावर बसले. प्लंबर सरकला. म्हणाला, टेकून बसा मॅडम, इथे वेळ लागतो. मग म्हणाला, बायको उद्या सामान न्यायला येतेय. 
नियमात किरकोळ दुरुस्ती करावी, असं मनात आलं. तेवढ्यात नणंदेने दार उघडलं. आत ज्युनिअर तिच्या खुर्चीशेजारीच आपली खुर्ची ओढून बसलेली. आजपासून इथे एकत्रच बघणार आहोत, नणंद म्हणाली, चला आत.
मी उठले.
तुम्ही बसा, वहिनी, ती म्हणाली. त्यांचा नंबर आधी आहे.