बघू

प्रिय ताई,

तू सांगितल्याप्रमाणे इथल्या डॉक्टरांना डोळे दाखवून झाले. ते काय म्हणाले ते नंतर लिहितो. आधी रस्त्याचं लिहू दे, नाहीतर शेवटचं वाचून मधलं सोडून देशील. लहानपणापासूनची खोडच आहे तुझी.

दवाखान्यासमोरच खोली मिळाली, पहिल्या मजल्यावर. खिडकीत बसलं की अख्खा रस्ता समोर. माझ्या वाट्याला मात्र तो एका वेळी वीतभरच येतो, कारण कडेचं दिसणं आता जवळजवळ गेलंच आहे. म्हणून मान फिरवत तुकड्यातुकड्याने बघतो. इस्त्रीवाला शर्टाची कॉलर दाबताना जीभ बाहेर काढतो. चहावाल्याकडे एकच बाक. नवा माणूस टेकला की दुसऱ्या टोकाचा आपोआप उठतो, कुणी कुणाला काही म्हणत नाही. चाव्या बनवणारा स्वतःच्याच पेटीची चावी घरी विसरतो आणि कुलूप खिळ्याने उघडतो. न्हाव्याच्या पाटीवर रंगाऱ्याने सुरुवात ऐसपैस केली आणि शेवटची अक्षरं दाटीवाटीने कोंबली. जन्मभर पाट्या रंगवलेल्या माझ्यासारख्याचे हात खरं तर शिवशिवायला हवेत. पण ती पाटी मला फार आवडते. कुणी ती सुधारू नये असं वाटतं.

परवा खाली उतरलो आणि लिंबं विकणाऱ्या मावशींच्या टोपलीला लाथ बसली. लिंबं रस्ताभर. डोळे फुटले का रे मेल्या, म्हणून त्या कडाडल्या. मी म्हटलं, अजून नाही मावशी, थोडा अवकाश आहे. त्या हसल्या आणि मलाच लिंबं वेचायला लावली. समोरची मी वेचली, कडेची तशीच राहिली. त्या बघत होत्या. मग उठून त्यांनीच ती गोळा केली. तेव्हापासून मी दिसलो की लांबूनच हाक येते, डावीकडून ये रे बाबा, इकडे खड्डा आहे.

आठवतं का, शाळेत असताना डोळे आले की घरी बसायला मिळायचं? तुझे आले की मी मुद्दाम तुझ्या टॉवेलने तोंड पुसायचो. डोळे येण्यात तेव्हा मजा होती. आता ते जायला निघालेत.

डॉक्टर भला माणूस आहे. परत नीट दिसेल का, असं विचारलं तर स्वतःचा चष्मा पुसत म्हणाले, बघू. या शब्दाचा अर्थ आपल्या घरात कुणाला सांगावा लागत नाही. सायकल मागितली, बाबा म्हणाले बघू. सहलीला जाऊ का, बघू. त्यांच्या बघूचं कधी हो झालेलं तुला आठवतंय? मी बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि पोटभर रडलो.

तेव्हा हे पत्र तुझ्यासाठी आहे असं समजू नकोस, ताई. ते माझ्यासाठी आहे. स्वतःचं अक्षर दिसतंय तोवर उतरवून ठेवलं. जपून ठेव, आणि सगळं विझलं की मला वाचून दाखव, इस्त्रीवाल्याच्या जिभेसकट, काही न गाळता. मधेच मी विचारीन, पुन्हा दिसेल का गं मला? तेव्हा बघू म्हणू नकोस. नाही म्हण, आणि पुढे वाच.

तुझाच,
बटाटेडोळ्या