पांढऱ्या डागाचं शेत

९ जानेवारी १९६२, बोर्ली पंचतन

पोचलो एकदाचा! एस.टी.नं हाडं खिळखिळी केली. वर्षभर पुण्याच्या कचेरीत बसून विमानातून काढलेल्या फोटोंवरून जमिनीचा नकाशा केला — काळपट ती चिकण, करडी ती रेताड, पांढरी ती खार, म्हणजे मिठानं नापीक झालेली. दोन फोटो शेजारी ठेवून भिंगातून पाहिले की डोंगर उठून दिसतात. मला वाटायचं, सगळं कळलं! आता तो नकाशा प्रत्यक्ष जमिनीशी ताडून पाहायचाय. साहेब म्हणाले, "नुसता उपचार आहे. आठवड्यात परत ये."

१० जानेवारी

मेलो! खाडीकाठचा मोठा पांढरा डाग शोधत गेलो, तर शेतभर जवळा वाळत घातलेला. इवलीइवली कोळंबी — मी नगरकडचा, मला काय माहीत! भात कापलं की शेतवाली वेणूबाई शेत चोपून, सारवून कोळणींना वाळवणाला देते. दरसालचं आहे म्हणे. राही कोळीण हसत म्हणाली, "गेल्या साली इमान डोक्यावरनं गेलं, तवा पन जवला व्हता की! आमी हात हालवलं."

त्याच विमानाचे फोटो. मी जवळ्याला मीठ समजलो.

वेणूबाईनं ढेकूळ फोडून माझ्या हातावर ठेवलं. "खार कुठं हाय, दाखवा सायेब." काय दाखवणार, कपाळ?

११ जानेवारी

पाच ठिकाणी खणलं. खार नाहीच. आणि माझ्याच नकाशावरून खाडीचं पाणी अडवायला नवा बांध आखलाय — या शेताच्या आतल्या बाजूनं! म्हणजे शेत खाडीच्या वाट्याला. जुना बांध आता कोणी दुरुस्त करणार नाही. नापीक जमिनीसाठी कोण हात हलवतो?

वेणूबाईला खरं ते सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, "मग पुसा की. तुमीच काडलाय न्हवं?" तिच्या डोळ्याला डोळा देववेना. मान डोलावली आणि निघालो.

१९ जानेवारी, पुणे

साहेबांपुढे नमुने ठेवले. "नकाशावर सही झाली, बांधाचं काम सुरू होतंय. वर काय कळवू — कोळंबी वाळत होती म्हणून?" सगळे हसले. मीही हसलो! थू माझ्यावर.

२ फेब्रुवारी

लेखी अर्ज दिला. त्या शेतातली माती तपासा, एवढंच मागितलं.

२६ मार्च

तिसरा अर्ज. उत्तर नाही. "तुला एवढा कळवळा कशाचा? तुझी सोयरीक आहे का तिथं?" — साहेब.

१४ जून

नवा बांध पुरा झाला.

२१ ऑगस्ट

वेणूबाईचं कार्ड, शाळामास्तरांकडून लिहवून घेतलेलं. नारळी पौर्णिमेच्या उधाणानं जुना बांध फुटला. लावलेलं सगळं भात गेलं, भरतीचं पाणी रोज शेतात येतंय. खाली एक ओळ — "सायेब, पुसायचं ऱ्हायलं का?"

उत्तर लिहायला चारदा बसलो, चारदा कागद फाडला.

८ फेब्रुवारी १९६३

माझ्या अर्जावर शेवटी तपासणी झाली. त्या शेताचे नमुने गेल्या महिन्यात घेतले, आज निकाल आला — पूर्ण खार. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. "उगाच घाबरत होतास! नकाशा बरोबरच होता."