जड जिभेचा मोशे

ती. बाबा,
इथूनच तुमच्या पायांवर डोकं ठेवते. मी खुशाल आहे. दवाखान्यात माझ्यासोबत काम करणारी माणसं चांगली आहेत आणि मी पोटभर जेवते.

रविवारी चर्चमध्ये पाळकांनी टूम काढली. शास्त्रातली मोठी माणसं दिसायला-वागायला कशी होती, ते प्रत्येकाने उभं राहून सांगायचं. कुणी देखणा दावीद सांगितला, कुणी ठेंगणा जक्कय. मी सटकणार होते, पण पाळकांच्या बायकोने हात धरला.

मी मोशे निवडला. "तो ज... ज... जड जिभेचा होता," म्हणताना नेमकी तिथेच गाडी अडली. तेवढ्यात मागून आमच्या दवाखान्याचा म्हातारा वॉचमन म्हणाला, "पोरी, मोशेसुद्धा अस्साच बोलला असेल!"

सगळे हसले, बाबा, आणि सगळ्यांत मोठ्याने मी! मग अडखळत का होईना, शेवटपर्यंत सांगितलं, की देवाने बोलायला राजापुढे पाठवलं ते त्यालाच.

आईचे गुडघे कसे आहेत? दादा तिला जिने चढू देत नाही ना?

आजवर नुसती पत्रंच लिहिली. येत्या रविवारी मात्र फोन करणार आहे. पलीकडून लगेच आवाज आला नाही, तर लाइन गेली समजून ठेवून देऊ नका. मीच असेन.

तुमची लाडकी,
धाकटी