पानांवरच्या गाठी

३ ऑगस्ट
झाडावरून घरात वाजलं. फाटकाजवळच्या सप्तपर्णीच्या पानांवर हिरव्या गाठी आल्यात — वाटाण्याएवढ्या, नुसती दाटी. ह्यांचं म्हणणं, रोग आहे, पाडून टाकू. सासरे खुर्चीतून हललेही नाहीत. "पानं स्वच्छ आहेत. खूळ आहे तुझं."
झाड त्यांनी लावलेलं. मी मधे पडले नाही.

४ ऑगस्ट
ह्यांनी फांदीच तोडून बाबांपुढे धरली. "मग हे काय आहे?"
बाबांनी हातात घेतली नाही. "पानं आहेत. आणखी काय असणार?"
"धडधडीत खोटं बोलताय." फांदी तिथेच टाकून हे ऑफिसला. केर मीच काढायचा.

५ ऑगस्ट
अबोला. बाबा मला म्हणतात, "त्याला म्हणावं, मीठ दे." मीठ बाबांच्या ताटाशेजारीच होतं.

८ ऑगस्ट
रोपवाटिकेतल्या बाई येऊन गेल्या. गाठ नखाने फोडली — आत किड्याचं इवलंसं पिल्लू. "किडा पानात घर करतो, पान त्याच्याभोवती सुजतं. एवढ्या जुन्या झाडाला काही होत नाही. गळलेली पानं गोळा करा, बास."
हे मवाळले. फक्त बाबांनी एकदा कबूल करावं, गाठी आहेत. तेवढंच.
"नसलेलं काय कबूल करू?"
कमाल आहे. झाड वाचतंय, तरी हट्ट सुटत नाही.

९ ऑगस्ट
ह्यांनी झाड तोडणाऱ्याला फोन केला. परवा येणार. दोघांचाही राग येतोय.

१० ऑगस्ट
मी पानं झाडत होते. बाबा पायरीवर बसलेले. न बोलता एक पान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बोटं फिरवली. पुन्हा फिरवली. चेहरा उतरला.
"अगं, ह्या तर खरंच आहेत."
"कधीपासून, बाबा?"
मी गाठींचं विचारत नव्हते. त्यांना कळलं.
"उन्हाळ्यापासून. सगळं धुरकट झालंय. माणसं आवाजावरून ओळखतो." मग हळूच, "त्याला सांगू नकोस. आंधळ्याचं ओझं झालं म्हणेल."

११ ऑगस्ट
सांगितलं. ह्यांनी झाड तोडणाऱ्याला नको म्हणून कळवलं, आणि बाबांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निघाले.
फाटकाशी बाबा कुरकुरत होते, "हात सोड. रस्ता पाठ आहे मला."
ह्यांनी सोडला नाही.