टेबलाच्या पलीकडच्या बाजूला

ता. ३, मंगळवार

चि. ठकूस अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. दवाखान्याच्या धुलाईघरात देखरेखीच्या जागेसाठी मुलाखतीला बोलावलंय, हे तुझ्या वहिनीने मला दोनदा मोठ्याने वाचायला लावलं. हॉटेलची लाँड्री बंद पडल्यापासून तू किती जोडे झिजवलेस ते आम्हाला माहीत आहे. ही जागा हुकली तर खोली सोडून इकडे यावं लागेल, आणि भावाच्या घरी कायमचं राहायचं नाही हा तुझा हट्ट. माझ्या मते तो शुद्ध वेडेपणा आहे, पण ते राहू दे.

आता थोरल्याचं ऐक. तुझी जीभ फार चालते. मागच्या वेळी साहेबालाच उलट प्रश्न विचारलेस आणि हात हलवत परत आलीस. या वेळी लवकर जा, बसवतील तिथे बस, सांगतील ते निमूटपणे कर आणि का म्हणून विचारू नकोस.

काय झालं ते लगेच कळव. आमचा जीव टांगणीला आहे.

तुझा,
दादा

ता. ९, सोमवार

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं अक्षरशः ऐकलं आणि त्यातूनच हा घोटाळा झाला. मला अजून नीट उमगलेलं नाही. घडलं तसं लिहिते.

मी लवकर पोचले. माझे पिकले केस, चष्मा आणि काखेतली फाइल बघून शिपाई लगबगीने मला आत घेऊन गेला. टेबलाच्या पलीकडे तीन खुर्च्या, अलीकडे एक. मी अलीकडच्या खुर्चीकडे वळले तर त्याने पलीकडची ओढून दिली. बसले. शेजारी दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाई, त्यांच्या पलीकडच्या खुर्चीत हेडक्लार्क. त्यांनी मला चहा दिला, प्रश्नांचा कागद दिला आणि तुम्हीच सुरुवात करा म्हणाले. मला वाटलं, हल्ली ही नवीन तऱ्हा असेल; मी दुसऱ्यांना कसं पारखते यावरून मला पारखणार. का म्हणून विचारायची तर तुझी बंदी!

मग एकेक उमेदवार येत गेला आणि मी विचारत गेले. खरं सांगते, मजा आली. एका पठ्ठ्याला रक्ताचे डाग थंड पाण्याने काढतात की गरम, हेच ठाऊक नव्हतं. एक उंच मुलगी मात्र पक्की निघाली. संसर्गाच्या वॉर्डातल्या चादरी चुकून साध्या चादरींत मिसळल्या तर काय करशील, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली की आधी सगळाच ढीग संसर्गाचा धरेन, चूक कुणाची ते मागाहून बघेन. मी तिला सर्वांत जास्त गुण दिले. जाता जाता ती बोलून गेली की सध्याच्या मालकाने मुश्किलीने एक दिवस सुटी दिलीय, पुन्हा मागितली तर तो घरीच बसवील.

शेवटी एक वयस्कर गृहस्थ आले. त्यांनी घाम पुसत सगळी उत्तरं दिली, मी बेताचे गुण दिले. त्यावर त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं, "मी बाहेरून बोलावलेला तज्ज्ञ आहे, तर माझी प्रश्न विचारायची पाळी कधी येणार?" हेडक्लार्कने त्यांच्याकडे बघितलं, डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे आणि मी शिपायाकडे. बिचारे सकाळपासून उमेदवारांच्या बाकावर बसून होते!

मग सगळ्यांचाच गोंधळ उडाला. मला प्रश्न माहीत, म्हणून माझी मुलाखत घेता येईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजचं सगळं रद्द करून पुढच्या आठवड्यात नव्या प्रश्नांनी सगळ्यांना परत बोलवू, त्यात तुम्हीही याल. तो तुमचा हक्कच आहे. नाहीतर तुम्ही अर्ज मागे घ्या, मग तज्ज्ञ हेडक्लार्कने टिपलेली उत्तरं वाचून स्वतः गुण देतील आणि आजच निकाल लावू.

मी विचार करायला बाहेर आले. ती उंच मुलगी निकालाची वाट बघत, चपला काढून, बसल्या बसल्याच झोपली होती. मी आत गेले आणि अर्ज मागे घेतला. जागा तिला मिळाली.

दादा, मला ही नोकरी हवी होती रे, फार हवी होती. मग मी असं का केलं? घरी येऊन रडले, मग हसू आलं, मग त्या मुलीचाच राग आला. काहीच कळेनासं झालंय. महिनाअखेर खोली सोडते. रागावला असशील तरी चार ओळी टाक. वहिनीस नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ठकू

ता. १४, शनिवार

चि. ठकूस अ. उ. आ.

पत्र तीनदा वाचलं. तू नोकरी मागायला गेली होतीस की द्यायला, तेच आधी कळेना. कळलं तेव्हा कपाळावर हात मारून घेतला. वहिनीपाशी तुला काय काय बोललो ते कागदावर उतरवत नाही. तोंडचा घास काढून दुसऱ्याला देणं गोष्टीत शोभतं गं.

असं का केलं म्हणून मला काय विचारतेस? मी दोन दिवस मनातल्या मनात त्या बाकाशेजारी उभा राहून बघितलं. मी असतो तर आत जाऊन पुढच्या आठवड्याची तारीख मागितली असती. नोकरीही मिळवली असती. आणि त्या झोपलेल्या मुलीबद्दल तुला पत्रात कधीच कळवलं नसतं.

म्हणून सांगतो, ये. आसरा म्हणून नाही. असं माणूस घरात असावं, ही गरज माझी आहे.

लोभ आहेच, तो काही मागावा लागत नाही.

तुझा,
दादा