पत्नी मागून चालली म्हणून बाद केल्याबाबत

दिनांक : २४ डिसेंबर २०१२

प्रति,
मा. स्पर्धा अधिकारी,
सांजतारा ज्येष्ठ नागरिक क्रीडा महोत्सव समिती,
पनवेल, जि. रायगड.

विषय : ‘निरोगी दांपत्य’ जलद चाल स्पर्धेतून बाद ठरवल्याचा निर्णय रद्द करून फेरस्पर्धा घेण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या नियमपत्रिकेतील नियम क्र. ४.
२) पंच श्री. जगन सर यांनी दि. ९ डिसेंबर रोजी तलावाकाठी सर्वांसमक्ष दिलेला तोंडी निर्णय.
३) सुकापूर नाक्यावरील फलक (अद्याप उभा).

महोदय,

मी, खाली सही करणार कमळाकर गोमा मढवी, वय वर्षे एकोणसत्तर, मूळ राहणार जासई, ता. उरण, हल्ली मुक्काम सुकापूर, निवृत्त अव्वल कारकून, आपणांस सविनय कळवतो की दुसऱ्यांच्या अर्जांवर ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ असा शेरा मारून ते पुढच्या टेबलावर ढकलण्यात माझी हयात गेली. सबब माझ्या या अर्जाचे आपल्याकडे काय होऊ शकते याची मला पूर्ण कल्पना आहे. तरी तसे करू नये.

१. गेल्या वर्षी माझ्या रक्तात साखर निघाली व डॉक्टरांनी मला रोज सकाळी चालायला सांगितले. त्याच वेळी माझी पत्नी सौ. मालू हिचीही तपासणी झाली. तिच्यात काहीच निघाले नाही. दोघांचे जेवण एकाच टोपातले असताना असे का व्हावे, हे मला तेव्हाच खटकले होते. तरीही ती माझ्या सोबतीला रोज तलावावर येऊ लागली. मी पुढे, ती मागे. वर्षभर आमची सकाळ अशी छान चालली होती. सदर सकाळ आपल्या स्पर्धेमुळे बंद पडली असून ती पुन्हा सुरू व्हावी, हा या अर्जाचा मूळ हेतू आहे. चषकाचे नंतर बघू.

२. स्पर्धेत मी दोघांचे नाव घातल्याचे कळताच आमचा मुलगा चि. जीवन याने उत्साहाच्या भरात आदल्या दिवशीच सुकापूर नाक्यावर फलक लावला. ‘निरोगी दांपत्य स्पर्धेत प्रथम क्रमांक पटकावल्याबद्दल आमच्या आई-बाबांचे हार्दिक अभिनंदन’ आणि खाली शुभेच्छुक म्हणून त्याचे यच्चयावत मित्र, सर्व गॉगलसह. निकालाआधी फलक लावणे आपणांस विचित्र वाटेल. परंतु आमच्याकडे दहावीचा, निवडणुकीचा, सगळ्यांचाच आधी लागतो, कारण नंतर नाक्यावर जागा मिळत नाही. आम्हा दोघांचा शेजारी शेजारी काढलेला एकही फोटो घरात न सापडल्याने फ्लेक्सवाल्याने माझा निरोप समारंभातला आणि मालूचा भाचीच्या हळदीतला फोटो कापून जोडला. तिच्या खांद्यावर कोणाचा तरी हात राहून गेला आहे. तो माझा नाही, हे जाता जाता नमूद करतो.

३. आता नियम क्र. ४. ‘पती-पत्नीने संपूर्ण अंतर बरोबरीने चालावे व अंतिम रेषा एकाच वेळी ओलांडावी.’ हा नियम ज्यांनी केला ते रस्त्यावर वाढलेले असावेत. आम्ही बांधावर वाढलो. माझ्या वडिलांचे मिठागर होते. मिठागराचा बांध जेमतेम एका माणसाचा असतो. दोघे शेजारी चालले तर एक जण खाऱ्या पाण्यात जातो आणि उरलेला घरी जाऊन बोलणी खातो. म्हणून आमच्याकडे लग्नाला, मयताला, जत्रेला आणि दवाखान्यात माणसे एकामागून एक जातात. पुरुष पुढे, कारण वाटेत साप असतो अशी समजूत. बाई मागे, कारण तिच्या डोक्यावर पाटी असते. बांधावर साप मला आयुष्यात एकदाच दिसला आणि तो मालूने मागून येऊन हाकलला. परंतु तो अपवाद समजावा.

पुढे बांध गेले आणि तिथे कंटेनर आले. आजही जासईच्या रस्त्याला ट्रेलरच्या कडेने शेजारी शेजारी चालून दाखवणाऱ्या दांपत्याला मी स्वखर्चाने शाल-श्रीफळ देईन, अर्थात ते पलीकडे पोचल्यास.

४. दि. ९ रोजी सकाळी शिट्टी झाली व आम्ही निघालो. मी सवयीने पुढे, मालू सवयीने चार पावले मागे. पंच श्री. जगन सर हे कुठल्याशा शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे शिक्षक असून गळ्यातली शिट्टी त्यांनी निवृत्तीच्या वेळी जमा केलेली दिसत नाही. ते सायकलवरून शेजारी आले व म्हणाले, “काका, काकूंना बरोबर घ्या.” ते माझ्याच वयाचे असताना मी त्यांचा काका कसा, हा प्रश्न बाजूला ठेवून मी थांबलो. मी थांबलो तशी मालूही थांबली. मी हळू झालो, तीही हळू झाली. तिला गाठावे म्हणून मी दोन पावले मागे आलो, तर तीही दोन पावले मागे सरकली. असे करत आम्ही काही अंतर उलट दिशेने चाललो, हे मी नाकारत नाही.

जगन सरांनी तिलाच विचारले की काकू, तुम्ही पुढे का येत नाही? त्यावर तिने “आवो, ते पुढं हायेत ना!” असे उत्तर दिले. उत्तर पुरेसे होते. सरांना ते पटले नाही व त्यांनी बाद करण्याची पहिली ताकीद दिली.

५. एव्हाना सर्व दांपत्ये वळणापलीकडे गेली होती. नाक्यावरचा फलक माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. सबब मी निरुपायाने सर्वांसमक्ष मोठ्याने म्हणालो, “मालू, हो पुढं!” महोदय, त्रेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिला हे प्रथमच सांगत होतो. तिने “नक्की?” असे विचारले. मी “नक्की” म्हणालो. सदर शब्द मी परत घेऊ इच्छितो, परंतु साक्षीदार बरेच आहेत.

तिने पदर खोचला, चपला काढून माझ्या हातात दिल्या आणि ती निघाली. थोड्या वेळाने पाण्याच्या पलीकडे मला फक्त तिचे हिरवे लुगडे दिसत होते, आणि त्या लुगड्याला वाट देत बाजूला होणारी दांपत्ये. मी अभिमान बाळगावा की राग, हा निर्णय प्रलंबित ठेवून चालत राहिलो.

६. चुन्याच्या रेषेपाशी ती सर्वांच्या आधी पोचली. आणि उभी राहिली. रेषा तिच्या अंगठ्यापासून वीतभर पुढे होती. लोक “आजी, ओलांडा!” म्हणून ओरडत होते. व्यासपीठावरून ध्वनिक्षेपकावर आवाहन झाले. ती पदराने वारा घेत म्हणाली, “त्यांना येव दे आदी. मी त्यांच्या आदी कशी जाव?” मग एकेक दांपत्य तिच्या दोन्ही अंगांनी वळसा घालून रेषेपार गेले. मी तिच्या चपला घेऊन पोचलो तेव्हा केळीवाटप संपले होते व मांडवातल्या खुर्च्या टेम्पोत चढत होत्या. मी रेषा ओलांडली. माझ्यानंतर चार पावलांनी तिने ओलांडली. जगन सरांनी शिट्टी वाजवून आम्हांला बाद केले. आम्ही शेवटचे असताना बाद करण्याची गरज काय होती, हे त्यांनाच ठाऊक.

७. विजेते श्री. महादेव व सौ. सुनंदा (नवीन पनवेल, लिफ्ट असलेली इमारत) यांच्याबद्दल माझी वैयक्तिक तक्रार नाही. परंतु ते पूर्ण फेरीभर एकमेकांचा हात धरून चालले. सकाळच्या वेळी. देवळासमोरूनसुद्धा. मी बराच मागे असल्याने मला सवडीने पाहता आले, आणि माझ्या मते सुनंदाताई ओढत होत्या. ओढून आणलेला नवरा निरोगी आणि स्वतःच्या पायांनी आलेला बाद, हा कुठला न्याय, ते कृपया लेखी कळवावे.

८. यापुढील बाब घरगुती आहे, परंतु तिचा उगम आपल्या स्पर्धेत असल्याने ती आपल्यालाच सांगणे भाग आहे. त्या दिवशी घरी आल्यावर पाय धुता धुता मालू म्हणाली, “आज पाय मोकले झाले बगा. इतकी वरसां तुमची चाल बगून पाय आवरून धरले होते.” मग सांगितले का नाहीस, असे मी विचारले. तिने “तुमी इचारला कवा?” असा उलट प्रश्न केला. सदर प्रश्न मी विचारार्थ ठेवून घेतला आहे.

दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या उठण्याआधीच जाऊ लागली. आमची नात कु. अंकिता हिने तिला बूट आणून दिले. लुगड्याखाली गुलाबी बूट. माझी एक फेरी होईपर्यंत ती मला दोनदा ओलांडते आणि दर वेळी “या सावकाश” असे म्हणून जाते. ज्याने कचेरीत मोठमोठ्या माणसांना बाकावर बसवून सावकाश या म्हटले, त्याला हे ऐकावे लागत आहे. तलावावरचा चहावालाही आता तिची आणि माझी वेगवेगळी चौकशी करतो.

महोदय, मला एकट्याने चालणे जमत नाही. मागून तिच्या चपलांचा आवाज येत असे व त्यावर माझी चाल बांधलेली होती. आता मागे पाहावे तर कोणी नसते, आणि पुढे पाहावे तर ती वळणावर गेलेली असते. परवा मी अर्ध्या फेरीतून घरी परतलो. साखर पुन्हा वाढली आहे. डॉक्टरांनी कारण विचारले, मी ‘समितीचा निर्णय’ असे सांगितले. मला ती सोबत हवी आहे. एवढे सरळ वाक्य मी सरकारी कागदावर कधी लिहिले नव्हते.

९. सबब माझ्या मागण्या खालीलप्रमाणे :

अ) मागेपुढे चार पावलांपर्यंतचे अंतर बरोबरीचे धरून फेरस्पर्धा घ्यावी.
ब) ते अमान्य असल्यास तलावाकाठी मातीचा अरुंद बांध घालून सर्वच दांपत्यांना त्यावरून हात धरून चालवावे व कोण पाण्यात जातो ते पाहावे.
क) तेही अशक्य असल्यास सौ. मालू हिने पूर्ववत माझ्या मागून चालावे, असा लेखी आदेश समितीच्या शिक्क्यानिशी काढावा.

१०. येथवर लिहून झाल्यावर मी मसुदा मालूला वाचून दाखवला. ती वाल सोलत होती. ‘क’ ऐकल्यावर ती म्हणाली, “त्यो काढा.” मी अ आणि ब पुन्हा वाचले. तेव्हा म्हणाली, “सगलाच काढा.” मग तुझे म्हणणे तरी काय, असे मी जरा आवाज चढवून विचारले. त्यावर तिने सोललेले वाल बाजूला ठेवून जे सांगितले ते शब्दशः देतो : “मना पुढं जायचा नाय, आन मागं बी नाय. मना जोरात चालायचा हाय. तुमाला यायचा तर या.”

मी रात्रभर विचार केला. शेवटच्या वाक्यात परवानगी आहे, असा अर्थ मी लावला आहे.

११. सबब मागणी अ, ब व क मी मागे घेतो. त्या खोडल्या नाहीत, कारण खाडाखोड झालेला अर्ज मी स्वतः कधी स्वीकारला नाही. त्याऐवजी विनंती करतो की, दि. २६ जानेवारीच्या महिलांच्या वैयक्तिक जलद चालीत सौ. मालू कमळाकर मढवी हिचे नाव नोंदवावे. जन्मतारखेच्या रकान्यात आपणांस योग्य वाटेल ते लिहावे. ती जन्मली तेव्हा भरती होती, एवढेच तिच्या आईला आठवत असे.

त्या स्पर्धेच्या नियमांत स्पर्धकाखेरीज कोणीही मार्गावर येऊ नये असे म्हटले आहे. हा नियम एका माणसापुरता शिथिल करून मला तिच्या मागून चालू द्यावे. मी स्पर्धेत नसेन, मध्ये येणार नाही, आणि मध्ये येण्याइतका जवळ राहण्याची शक्यताही नाही. शर्यतीला पाय उघडेच बरे, असे तिचे मत असल्याने ऐन वेळी ते गुलाबी बूट कोणाच्या तरी हातात द्यावे लागतील. ते हात माझे असावेत, एवढीच इच्छा.

फलक उतरवायला जीवन तयार नाही. २६ तारखेनंतर ‘दांपत्य’ एवढ्यावर कागद चिकटवू, असे तो म्हणतो. मजकुराचे त्याने काहीही करावे, माझा फोटो काढू नये, अशी सूचना मी त्याला दिली आहे. तिथे तरी आम्ही शेजारी शेजारी आहोत.

१२. शेवटची व सर्वांत महत्त्वाची विनंती. रेषेपाशी पोचल्यावर ती पुन्हा थांबेल. बाकी सगळे सुटले, एवढी एक खोड तिला उरली आहे. ती मागे वळून मला शोधू लागली तर तिला शोधू देऊ नये. जगन सरांनी शिट्टी मारावी, ध्वनिक्षेपकावर ओरडावे, वेळ पडल्यास सुनंदाताईंना तिचा हात धरून ओढायला सांगावे, माझी कसलीही हरकत राहणार नाही. तिला रेषेपार न्यावे.

मी येतोच आहे, असे तिला सांगावे.

आपला नम्र व यापुढे मागून येणारा,

(सही)
कमळाकर गोमा मढवी
सुकापूर, ता. पनवेल

सोबत :
१) नाक्यावरील फलकाचे छायाचित्र. (खांद्यावरील हाताकडे दुर्लक्ष करावे.)
२) अर्जदाराचा साखरेचा अहवाल.
३) सौ. मालू हिचा अहवाल. (काहीच निघालेले नाही.)